शस्त्राचे पाणी आणि शस्त्राचा मंत्र

मराठीत आपण तेजस्वी माणसाला पाणीदार म्हणतो आणि उत्तम तलवारीलाही पाणीदारच म्हणतो. तापून लाल झालेले पाते लोहार पाण्यात बुडवितो, चर्र असा आवाज होतो, आणि मघाचे मऊ लोखंड कठीण होऊन धार धरू लागते. या क्रियेला आपण पाणी देणे किंवा पाणी पाजणे म्हणतो. शस्त्राविषयी आपल्याकडे आणखी एक शब्दसंपत्ती आहे. तलवार अभिमंत्रित करतात, ती भारलेली असते, तिच्यात देवीचा वास असतो. पहिल्या शब्दांचा उगम लोहाराच्या भात्याजवळ आहे, दुसऱ्यांचा देवघरात. प्रश्न असा की, एकाच पात्यात हे दोन्ही गुण आले, म्हणजे धातूही असाधारण आणि मंत्रही असाधारण, तर त्यांची बेरीज होते काय? आणि होत असेल, तर ती कोणत्या खात्यावर मांडावी?

वरवर पाहता हा प्रश्न पोरकट वाटेल. पण ज्या गावाच्या शिवारात १७९५ साली मराठे आणि निजाम यांची गाठ पडली, जेथे निंबाळकरांचा किल्ला अजून उभा आहे, त्या खर्ड्यात तरी तो पोरकट ठरू नये. शस्त्राला श्रेय कशाचे द्यावयाचे, हा प्रश्न शेवटी माणसाच्या विद्येला श्रेय द्यावयाचे की नाही, या प्रश्नाशी येऊन मिळतो.

प्रथम दोन टोके पाहू. आपल्या परंपरेत शस्त्र आणि अस्त्र असा भेद केलेला आहे. शस्त्र हातात धरून चालवावयाचे, अस्त्र मंत्राने सोडावयाचे. महाभारतातील सौप्तिकपर्वात अश्वत्थामा गवताची एक काडी उचलतो आणि तिच्यावर ब्रह्मशिर अस्त्राचा प्रयोग करतो. येथे धातूची गरजच उरलेली नाही. सर्व सामर्थ्य मंत्राचे. परंतु त्याच ग्रंथात कर्णाला ऐन वेळी अस्त्र आठवत नाही, कारण परशुरामाचा शाप. म्हणजे धातूचा शत्रू गंज, तसा मंत्राचा शत्रू विस्मरण. अस्त्र हे जाणणाऱ्याच्या मनात असते. ते मनातून गेले की हातात काडीच उरते. दुसऱ्या टोकाला केवळ धातू आहे. घिसाड्याने पालापुढे ठोकून दिलेला विळा कोणत्याही मंत्रावाचून गवत कापतो, आणि मालक विसरभोळा असला तरी कापतो.

या दोन टोकांच्या मध्ये आपल्या पूर्वजांनी बराच प्रदेश व्यापलेला होता. त्याचा उत्तम नमुना वराहमिहिराच्या बृहत्संहितेत सापडतो. सहाव्या शतकातील हा ज्योतिषी एक संपूर्ण अध्याय खड्गलक्षणाला देतो. पन्नास अंगुळे लांबीचे खड्ग उत्तम, पंचवीस अंगुळांचे हीन. पात्यावरील डाग विषम अंगुळावर पडला तर अशुभ. डागाचा आकार छत्र, कमळ, ध्वज असा दिसला तर चांगला. कावळा, सरडा, विंचू असा दिसला तर वाईट. खड्ग कारणावाचून उपसू नये, त्यात तोंड पाहू नये, त्याची किंमत सांगू नये. येथवर सगळे शकुनशास्त्र झाले. त्यानंतर लगेच पाणी पाजण्याच्या कृती येतात. रुईचा चीक, मेंढ्याच्या शिंगाची काजळी, पारव्याची व उंदराची विष्ठा यांचा लेप तेल चोळलेल्या शस्त्राला द्यावा, मग पाणी पाजून धार लावावी. ते दगडावर मारले तरी मोडत नाही. किंवा केळीचा क्षार ताकात कालवून दिवसभर ठेवावा आणि त्यात पाते बुडवावे. ते दुसऱ्या लोखंडावरही बोथटत नाही.

ही यादी वाचून हसू येणे साहजिक आहे. पण आजच्या धातुशास्त्राने तिच्याकडे पाहिले तर हसणे थोडे आवरते घ्यावे लागते. तापलेले पोलाद किती वेगाने निवते यावर त्याचा कठीणपणा ठरतो. साध्या पाण्यात पात्याभोवती वाफेचे वेष्टण तयार होऊन निवण्याला खीळ बसते. पाण्यात क्षार असला तर ते वेष्टण लवकर फुटते आणि पाते अधिक झपाट्याने कठीण होते. तेलातुपात ते सावकाश निवते, त्यामुळे काठिण्य काहीसे कमी पण चिवटपणा जास्त. शिंगे, खूर यांसारख्या पदार्थांत कार्बन व नायट्रोजन असतात, आणि ते तापलेल्या लोखंडाच्या पृष्ठभागात शिरून त्याला कठीण करू शकतात. जुन्या कारखान्यांतूनही शिंगाखुरांचा असा उपयोग होत असे. म्हणजे या किळसवाण्या लेपाच्या पोटात अनुभवाचा एक कण निश्चित आहे.

परंतु वराहमिहिर तेथे थांबत नाही. उशनसाचे मत म्हणून तो असेही सांगतो की, झळाळती लक्ष्मी हवी असेल त्याने शस्त्राला रक्त पाजावे, गुणवान पुत्र हवा असेल त्याने तूप पाजावे, आणि अक्षय धन हवे असेल त्याने पाणी. येथे लोहाराची कृती आणि पुरोहिताचे फळ एकाच श्लोकात बसलेले आहेत. तुपात पाते बुडविल्याने ते चिवट होईल हे खरे. त्याने मुलगा गुणवान निपजेल हे खरे नाही. पण वाचणाऱ्याला दोन्ही विधाने सारख्याच वजनाची वाटतात. धातू आणि मंत्र यांची सरमिसळ झाली की असे होते. मंत्राला धातूचा भरवसा उसना मिळतो, आणि पुढेपुढे धातूचे श्रेयही मंत्राकडे वळते.

हे हिशेब वेगळे ठेवण्याचा आजच्या काळातील एक नेटका प्रयत्न, गंमत अशी की, एका खेळात झालेला आहे. १९७४ साली अमेरिकेत गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन या दोघांनी 'डन्जन्स अँड ड्रॅगन्स' नावाचा खेळ प्रसिद्ध केला. चारपाच जण मेजाभोवती बसतात. एकजण सूत्रधार होऊन कथा सांगतो, बाकीचे कोणी योद्धा, कोणी मांत्रिक, कोणी चोर अशी सोंगे घेतात, आणि घाव लागला की चुकला हे वीस बाजूंच्या फाशावर ठरते. आपल्याकडील सोंगट्यांच्या फडात कीर्तनकार येऊन बसावा, असा काहीसा प्रकार. या खेळात चांदीची, थंड लोखंडाची, अभेद्य अशा काल्पनिक धातूची शस्त्रे असतात आणि भारलेलीही असतात. साहजिकच खेळणारे विचारू लागले की चांदीची तलवार भारली तर दोन्ही फायदे मिळतात काय? या खेळाच्या २००३ सालच्या सुधारित नियमांत याचे जे उत्तर आहे, ते विचार करण्याजोगे आहे.

पहिला नियम असा की, मुळात उत्तम कारागिरीचे नसलेले शस्त्र भारताच येत नाही. आधी लोहार, मग मांत्रिक. दुसरा नियम असा की, एकाच जातीचे दोन लाभ एकमेकांत मिळत नाहीत. उत्तम घडणीमुळे नेम साधण्यात एका अंकाचा लाभ मिळतो. मंत्रामुळेही नेमाचाच लाभ मिळतो. तेव्हा त्यांची बेरीज करावयाची नाही, जो मोठा असेल तोच धरावयाचा. तिसरा नियम असा की, वेगळ्या जातीचे लाभ आपापल्या जागी कायम राहतात. मनुष्याचा लांडगा होणाऱ्या प्राण्याला चांदीच लागू पडते. तेथे साध्या लोखंडावर कितीही मंत्र घातला तरी तो चांदीचे काम करीत नाही. आणि चांदी फुकट मिळत नाही. ती मऊ असल्यामुळे घावाचा जोर एका अंकाने कमी होतो. खेळ काल्पनिक, राक्षस काल्पनिक. पण हिशेबाची ही शिस्त काल्पनिक नाही. कोणत्या गुणाने कोणते काम झाले, हे ती विचारावयास लावते. तीच शिस्त आपण आता आपल्या इतिहासाला लावून पाहू.

आधी लोहार. भारताने जगाला दिलेल्या धातूंत दक्षिणेतील मुशीचे पोलाद अग्रगण्य आहे. कानडी-तेलुगू मुलखात पोलादाला उक्कू म्हणतात. यावरूनच इंग्रजांचा 'वूट्झ' हा शब्द आला असे मानतात. साध्या घडीव लोखंडात कार्बन जवळजवळ नसतोच. उक्कूत तो शेकडा दीडच्या आसपास असतो. लोखंडाचे तुकडे मातीच्या मुशीत घालावयाचे, वर झाडपाला किंवा लाकूड ठेवून मूस बंद करावयाची, भात्यांनी दीर्घकाळ प्रखर आच द्यावयाची आणि मूस हळूहळू निवू द्यावयाची. दक्षिणेतील काही वर्णनांत या कामी तरवडाचे लाकूड आणि रुईची पाने सांगितलेली आहेत. दोन्ही झुडपे आपल्या माळरानावर हवी तितकी आहेत! बंद मुशीत लाकडातील कार्बन लोखंडात उतरतो आणि पोलादाची लहानशी वडी तयार होते. ती मंद आचेवर संयमाने ठोकली तर पात्यावर पाण्याच्या लाटांसारखी नक्षी उमटते. हिला जौहर म्हणत. दमास्कसची म्हणून गाजलेली पाती ती हीच. युरोपातील लोहारांनी या वड्या आपल्या सवयीप्रमाणे पांढऱ्या होईतो तापविल्या, तेव्हा त्या हातोड्याखाली फुटून गेल्या. अमेरिकेत व्हरहोव्हन आणि पेंड्रे यांनी १९९८ साली केलेल्या मांडणीप्रमाणे, या लाटा उमटण्यास व्हॅनेडियमसारख्या धातूंचा अत्यल्प अंशही पुरेसा असतो आणि तो अंश मूळ खनिजातूनच येतो. म्हणजे ठरावीक खाणीचेच लोखंड हवे, हा जुन्या कारागिरांचा हट्ट अंधश्रद्धा नव्हती.

आता मांत्रिक. इराणी, तुर्की आणि भारतीय तलवारींवर कित्येकदा चार घरांचा एक लहान चौकोन कोरलेला आढळतो. त्यातील अक्षरे बदूह अशी वाचतात. अरबी अंकगणनेत ती अक्षरे म्हणजे दोन, चार, सहा आणि आठ. हे रक्षणाचे यंत्र समजत. शेजारी पुष्कळदा इस्फहानच्या असदुल्ला या कारागिराचे नाव असते. पण ते नाव इतक्या पात्यांवर आहे की सगळी एका माणसाच्या हातची असणे शक्यच नाही. कारागिराची सहीच पुढे मंत्र बनली! जर्मनीत पासाऊ गावच्या पात्यांवर धावत्या लांडग्याची खूण असे. ती मुळात गावच्या मालाची निशाणी, पुढे झोलिंगेनच्या लोहारांनीही ती उचलली, आणि शिपायांनी तिला ताईत मानले. उत्तम माल आधी, खूण नंतर, आणि खुणेवरची श्रद्धा सर्वांच्या शेवटी, असाच हा क्रम दिसतो.

मराठ्यांच्या तलवारींची कथा यांत आणखी एक पदर घालते. सरळ, लांब युरोपीय पाती आपल्याकडे आवडीने घेत आणि त्यांना येथील मूठ बसवीत. अशा तलवारीला फिरंग म्हणत. शिवछत्रपतींची म्हणून ओळखली जाणारी 'जगदंबा' तलवार १८७५-७६ च्या दौऱ्यात कोल्हापूर दरबाराकडून इंग्लंडच्या युवराजाला गेली आणि ती तेथील राजघराण्याच्या संग्रहात आहे. तिचे पाते युरोपीय असून त्यावर येशूच्या नावाची संक्षिप्त अक्षरे तीनदा उमटविलेली आहेत. युरोपातील लोहाराने आपल्या देवाचे नाव घातले, आणि महाराष्ट्राने त्याच पात्याला जगदंबा म्हटले. एका धातूवर दोन धर्मांचे दोन मंत्र. आणि धातूने कोणाशीच भांडण केले नाही. महाराष्ट्र शासनाने २०२५ साली लंडनच्या लिलावातून परत मिळविलेली पहिल्या रघूजी भोसल्यांची तलवारही याच कुळातली. पाते युरोपीय, मुठीवर सोन्याची नक्षी, आणि पात्याच्या पाठीवर देवनागरीत रघूजींचे नाव, सेनासाहेब सुभा हे पद आणि 'फिरंग' हा शब्द. ज्याने तो लेख कोरून घेतला त्याला पाते परक्या देशाचे आहे हे सांगण्यात कमीपणा वाटला नाही. आपल्या शस्त्राचा धातू कोठला, हे तो लपवीत नव्हता.

मग मंत्राचे काम काय? कोणी विचारील, शिवरायांच्या तलवारीत भवानी आहे ही श्रद्धा व्यर्थ म्हणावयाची काय? तसे मुळीच नाही. ती श्रद्धा पोलाद कठीण करीत नव्हती. ती हात स्थिर करीत होती. थोड्या माणसांनी मोठ्या सत्तेपुढे उभे राहावयाचे, तर आपण एकटे नाही हे मनाने मानावे लागते. खेळाच्या भाषेत बोलावयाचे तर हे वेगळ्या जातीचे लाभ आहेत. धातूचा लाभ पात्यात राहतो, मंत्राचा लाभ माणसात राहतो. दोन्ही मिळतात, पण एक दुसऱ्याची जागा घेत नाही. मऊ लोखंड मंत्राने पोलाद होत नाही आणि भित्रा माणूस पोलादाने शूर होत नाही.

आता खर्ड्याच्या रणाकडे वळू. ११ मार्च १७९५. एका बाजूस निजामअली, दुसऱ्या बाजूस सवाई माधवरावांच्या नावाने जमलेले पुणे, शिंदे, होळकर, नागपूरकर. सैन्याचे आधिपत्य परशुरामभाऊ पटवर्धनांकडे. जगप्रसिद्ध पोलाद ज्या कोनासमुद्रममध्ये होत असे, ते आजच्या तेलंगणातील गाव तेव्हा निजामाच्याच राज्यात होते. इराणचे व्यापारी तेथे येऊन मुक्काम करीत आणि समोर वड्या पाडून घेत, असे एकोणिसाव्या शतकातील व्हॉयसीच्या वृत्तांतात आहे. तेव्हा पोलादाच्या बळावर लढाया जिंकल्या जात असत्या, तर निजामाला हरण्याचे कारण नव्हते. आणि मंत्राच्या बळावर म्हणावे, तर दुआ आणि ताईत, अंगारे आणि नवस दोन्ही छावण्यांत होतेच. एका जातीचे लाभ दोन्ही पारड्यांत सारखे पडले की ताजवा हलत नाही.

ताजवा हलविला तो वेगळ्याच गोष्टींनी. निजामाचे पठाण स्वार चालून आले तेव्हा दुसऱ्या रघूजी भोसल्यांच्या लोकांनी त्यांच्यावर बाणांचा, म्हणजे अग्निबाणांचा, वर्षाव केला. आणि शिंद्यांच्या पलटणींचा सरदार पेराँ याने उंचवट्यावर मांडलेल्या तोफांनी त्यांना भाजून काढले. या पलटणी आणि तोफखाना महादजींनी द बॉइनसारख्या कसबी लोकांना हाताशी धरून वर्षानुवर्षे घडविला होता. महादजी स्वतः आदल्याच वर्षी वारले होते. निजामाकडेही रेमंडची कवायती पलटणे होती आणि ती टिकूनही होती. पण रात्री निजामाने माघारीचा हुकूम दिला, सैन्यात गोंधळ उडाला आणि तो खर्ड्याच्या किल्ल्यात जाऊन बसला. मराठ्यांनी वेढा घातला, रसद तोडली, पाण्याचे हाल झाले. ज्यांच्या तलवारींना जगात सर्वोत्तम पाणी होते, त्यांना प्यावयास पाणी मिळेना! थोड्याच दिवसांत तह झाला.

याच १७९५ साली आणखी एक घटना घडली, जिची दखल आपल्या बखरींनी घेतलेली नाही. मुंबईहून डॉक्टर हेलेनस स्कॉट याने उक्कूचे नमुने लंडनला पाठविले होते. त्यांची परीक्षा करून जॉर्ज पिअर्सन याने रॉयल सोसायटीपुढे त्या वर्षी निबंध वाचला. पुढे १८१९ ते १८२२ या काळात लोहाराचा मुलगा असलेल्या मायकेल फॅरडे याने स्टोडार्टसह त्याच पोलादाच्या मागे लागून मिश्रधातूंचे प्रयोग केले. त्यांना आपले पोलाद हुबेहूब करता आले नाही. पण शोधता शोधता त्यांचे स्वतःचे धातुशास्त्र वाढले. इकडे आपण मोठा विजय मिळविला, तहाच्या कलमांवर वाद घातले, आणि त्याच वर्षाच्या ऑक्टोबरात सवाई माधवराव गेल्यावर गादीच्या भांडणात बुडालो. उक्कू कसे होते, का होते, हे लिहून ठेवण्याची गरज आपल्यातील कोणास भासली नाही. लिहिणारा भट्टीपाशी गेला नाही आणि भट्टीपाशी असलेल्याला लिहू दिले नाही. एकोणिसावे शतक संपता संपता जुन्या भट्ट्या विझल्या. कारणे अनेक: परका स्वस्त माल, जंगलांवरील बंदी, शस्त्रांवरील बंदी. पण विद्या कागदावर असती तर भट्टी विझल्यावरही ती उरली असती. नक्षीत व्हॅनेडियम आहे हे पुढे परदेशातील प्रयोगशाळांनी सांगावे, यातील शल्य हेच.

तात्पर्य असे की, मंत्र आपण सांभाळला आणि पोलाद गमावले. खंडेनवमीला आजही आपण हत्यारे पुसतो, गंध लावतो, झेंडूची फुले वाहतो. तलवारींची जागा ट्रॅक्टर, छापखाने आणि सुताराच्या पटाशीने घेतली आहे. ही पूजा सुंदर आहे आणि ती चालू राहावी. या जामखेडच्या कोरडवाहू पट्ट्यातून उसाच्या तोडीला जाणारी जोडपी आहेत. कारखान्याच्या हिशेबात नवराबायको मिळून 'एक कोयता' धरतात. त्यांच्या घरातील कोयता हे आजचे खरे शस्त्र. त्याची पूजा केल्याने धरणाऱ्याच्या मनाला बळ येईल. पण तो दिवसभर धार धरील की दर घटकेला दगडावर घासावा लागेल, आणि घासताना ज्या बाईच्या मनगटाला कळ लागते ती कमी होईल की नाही, हे कार्बनच्या शेकडेवारीवर, आचेवर आणि पाणी देणाऱ्या घिसाड्याच्या नजरेवर ठरेल. ती नजर अजून जिवंत आहे. लोखंडाचा कोणता रंग दिसला की ते पाण्यात घालावयाचे, हे त्याला ठाऊक आहे. आपल्या शाळेतील विज्ञानाच्या शिक्षकाने त्याच्या पालावर जाऊन ते विचारून घ्यावे, उष्णतामापक लावून पडताळावे आणि मुलांकडून वहीत लिहवून घ्यावे.

आधी लोहार, मग मांत्रिक, हा नियम परदेशी खेळातला असला तरी आपल्याला नवा वाटू नये. देवाची मूर्तीसुद्धा आधी पाथरवटाच्या हातून नीट घडते. प्राणप्रतिष्ठा त्यानंतर होते. येत्या खंडेनवमीला हत्यारावर फूल वाहताना ते ज्याने घडविले त्याचे नावही घरातील मुलांना सांगता आले, तर त्या पूजेत विद्येचा वाटा राहील.